चार नंबर काळा पडला

बाबांचा फोन शनिवारी सकाळी साडेसहाला येतो. विकांताला साडेसहा म्हणजे माझ्यासाठी मध्यरात्र, पण चौतीस वर्षं सकाळच्या शाळेत शिकवलेल्या माणसाला हे कोण समजावणार? त्या दिवशी तर 'काय चाललंय, बरा आहेस ना' वगैरेही नाही. थेट, "अरे, चार नंबर काळा पडला."

अर्धवट झोपेत मला वाटलं, आमचा चार नंबरचा सर्व्हर पडला. हे बाबांना खामगावात बसून कसं कळलं, एवढाच प्रश्न मनात आला. मग ट्यूब पेटली. फिशटँक!

ही टाकी मीच दोन दिवाळ्यांपूर्वी घेऊन दिली होती. बाबा रिटायर झाल्यावर आईचं रोजचं गाऱ्हाणं सुरू झालं होतं की ह्यांना काहीतरी काम लाव. मसाल्याच्या डब्यांना अनुक्रमांक घालून झाले, गॅलरीतल्या कुंड्यांना झाले, आता माझ्या साड्यांकडे बघतायत. म्हणून तीन फुटी टाकी. छत्तीस बाय पंधरा बाय पंधरा इंच, काठोकाठ भरली तर सव्वाशे लिटरच्या थोडी वर. अकोल्याहून सहा निऑन टेट्रा, दोन एंजल, चार गप्पी, फिल्टर, आणि तो तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा मगरमच्छ. (मगरमच्छ आईने दुसऱ्याच दिवशी काढायला लावला.)

निऑन पाच दिवसांत गेले. एंजल पंधरा दिवसांत.

आता ह्यात अर्धा दोष माझ्या घाईचा. टाकी भरली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला महिना-दीड महिना लागतो. हे मला नंतर जालावर वाचून कळलं. उरलेला अर्धा दोष आमच्या पाण्याचा. बुलढाणा जिल्ह्यात माणसांचे दोन प्रकार असतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. आम्ही घाटाखालचे. खामगावहून उत्तरेला पूर्णा नदीकडे उतरत गेलं की शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला खारपाणपट्टा लागतो, तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. आमच्या बोअरचं तितकं खारं नाही, पण जड आहे. डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते आणि स्टीलच्या बादलीवर पांढरा थर बसतो. शिवाय ते अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो. ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातले निऑन त्यात टिकले असते तरच नवल.

अकोल्याच्या दुकानदाराने हे सगळं दोन वाक्यांत सोडवलं. "बोअरचं पाणी हाय? मंग सिक्लिड न्या. मरत नाईत." त्याने अक्षर खोटं सांगितलं नाही. फक्त त्यांच्याशेजारी राहणारे मरतात हे सांगायचं राहिलं.

सहा मासे आणले. दीड-दीड इंचाचे, पिवळेधमक, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे. इतके देखणे की आई पोळ्या टाकून बघायला आली. उरलेले गप्पी शेजारच्यांच्या हौदात डासांच्या अळ्या खायला गेले. (सुटले बिचारे.) बाबांनी दोनशे पानी वही काढली आणि सहाही माशांना नंबर दिले. एक नंबरच्या शेपटीला खाच, दोन नंबरचा पट्टा डोळ्याजवळ तुटलेला, असं. सगळे सारखेच दिसतात म्हणून मी हसलो, तर म्हणाले, "वर्गात साठ पोट्टे होते. जुळेसुद्धा होते एका वर्षी."

चार महिने सुखाचे गेले. आणि मग तो फोन. बाबांना वाटलं बुरशी लागली. ते औषध टाकायच्या बेतात होते. मी म्हटलं थांबा, फोटो पाठवा. फोटोत मासा ठणठणीत होता, फक्त उलटा झाला होता. म्हणजे रंगांनी. जिथे पिवळं होतं तिथे काळं, आणि जिथे काळे पट्टे होते तिथे फिकट निळे. फोटोच्या निगेटिव्हसारखा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट शोधलं की आपण घरात नक्की काय आणून ठेवलंय. मासा मेलॅनोक्रोमिस ऑरेटस, मूळ गाव आफ्रिकेतलं मलावी सरोवर. हे सरोवर पाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि त्याचं पाणी अल्कधर्मी, म्हणून आमचं बोअर त्यांना मानवलं. तिथल्या टोंगा भाषेत ह्या कुळाला म्बुना म्हणतात, म्हणजे खडकातले मासे. खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. पिल्लं आणि माद्या पिवळ्या. नर मोठा होऊन वरचढ झाला की काळा पडतो. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत ह्या जातीबद्दल साधारण एकमत आहे: देखणी, काटक, आणि ज्याने पहिली टाकी घेतली आहे त्याने अजिबात घेऊ नये अशी. छोट्या टाकीत तर नाहीच. आम्ही पहिलीच टाकी घेतली होती आणि ती छोटी होती.

बाबांच्या वहीत पुढचे दोन महिने जे आहे ते वाचायला बरं वाटत नाही. '४ ने डाव्या बाजूची विटेची कपार घेतली. २ ला तिकडे येऊ देत नाही.' 'निम्मी टाकी ४ ची.' '२ फिल्टरच्या मागे असतो. खायला येत नाही.' '२ वारला.' बाबांनी 'मेला' लिहिलं नव्हतं, 'वारला' लिहिलं होतं.

मे महिन्यात मी घरी गेलो. खामगावचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, पारा चव्वेचाळीस. आम्ही सगळे आणि टाकीसुद्धा हॉलमधल्या कूलरसमोर. तरी टाकीचं पाणी तेहतीसला पोचलेलं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि माशाचं शरीर मात्र जास्त वेगाने चालायला लागतं. त्यात भांडखोर मासा असला तर बघायलाच नको. त्या रात्री जेवण झाल्यावर मी टाकीसमोर बसलो होतो. पाच नंबर वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी, हवेच्या नळीला चिकटून तिरका उभा होता. पर मिटलेले, रंग विटलेला. चार नंबर दर मिनिट-दोन मिनिटांनी खालून यायचा, एक धडक द्यायचा आणि परत जायचा. राग वगैरे काही दिसत नव्हता, रखवालदार फेरी मारतो तसं चाललं होतं. पाच नंबर हलायचासुद्धा नाही, कारण हलून जाणार कुठे?

मला दिसत होतं. मी काही न कळणारा नव्हतो, तोवर बरंच वाचून झालं होतं. बादली मोरीत होती, जाळी खिळ्याला होती. पण दिवसभराचा प्रवास झालेला, मी म्हटलं उद्या सकाळी बघू. सकाळी पाच नंबर तळाशी होता. शेपटी उरली नव्हती.

बाबा काही बोलले नाहीत. त्याला कुंडीत पुरलं, हात धुतले, वहीत लिहिलं आणि मग चहा पिताना म्हणाले, "बंद करून टाकू ही टाकी. मले नाई पाहावत." आई माझ्याकडे बघत होती. मला कळत होतं की टाकी बंद झाली तर वही बंद होईल, आणि वही बंद झाली तर हा माणूस सकाळी साडेपाचला उठून करणार काय.

तेव्हा मी हापिसात करतो ते केलं. डीबगिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. (हा नियम मी हापिसात कधीच पाळत नाही, पण बाबांसमोर पाळावा लागला.)

आधी दगड-विटा हलवल्या. सगळी रचना मोडून नवी केली. ह्यामागचा हिशोब असा की मासा हद्द राखतो ती खुणांवर. खुणाच गेल्या की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. आणि खरंच, टाकीत शांतता झाली! तीन दिवस. चौथ्या दिवशी चार नंबरने नवी हद्द आखली, ह्या वेळी उजव्या बाजूला.

मग दुसरा उपाय, गुंडालाच काढायचं. चार नंबर बादलीत, वर जाळी, हवेची एक नळी तिकडे. टाकीत उरले एक, तीन आणि सहा. तिघेही पिवळे, तिघेही गरीब. मी निर्धास्त होऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला आलो. मंगळवारी फोन. "एक नंबर काळा पडून राह्यला."

मला हे फार लागलं. इतके दिवस मी चार नंबरला खलनायक समजत होतो. आणि हा एक नंबर, बाबांच्या वहीप्रमाणे तीन वेळा मार खाल्लेला, शेपटीला खाच असलेला, जागा रिकामी होताच तिथे जाऊन उभा राहिला आणि तीन नंबरला झोडपायला लागला. शोधल्यावर कळलं की ह्यावर रीतसर संशोधन आहे. स्टॅनफर्डच्या रसेल फर्नाल्ड ह्यांच्या प्रयोगशाळेने टांगानिका सरोवरातल्या एका सिक्लिडवर वर्षानुवर्षं काम केलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी दिवे लागायच्या आधी, अंधारातच वरचढ नर टाकीतून काढून घेतला. उजेड झाल्यावर दबलेल्या नराला जागा रिकामी दिसली आणि काही मिनिटांत त्याचे रंग उजळले, वागणं बदललं, मेंदूतल्या जनुकाची हालचालसुद्धा मोजता आली. २००७ सालच्या दुसऱ्या प्रयोगात तर असं दिसलं की नुसत्या इतरांच्या मारामाऱ्या बघून हे मासे कोण कोणाच्या वर आहे हे ताडतात. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, तर अ आणि क कधीच भिडलेले नसतानासुद्धा.

हे मी बाबांना उत्साहाने सांगितलं. त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "मॉनिटर गैरहजर असला की दुसरा पोट्टा छडी घेऊन उभा राह्यते. त्याच्यासाठी स्टॅनफर्ड कायले लागते?"

आता प्रश्न बादलीतल्या चार नंबरचा. दुकानदार परत घेईना, मोठा काळा नर कोणी विकत घेत नाही म्हणे. बाबांनी ज्ञानगंगेच्या धरणात सोडून येऊ असं सुचवलं. मोकळं पाणी मिळेल, त्यात वाईट काय? त्यांच्या मनात दयाच होती, आणि म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं. पण हे करायचं नसतं. परदेशी मासा आपल्या पाण्यात सोडला की एक तर तो हाल होऊन मरतो, नाहीतर जगतो, आणि जगला तर जास्त वाईट. तिलापिया हासुद्धा आफ्रिकेतला सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला, तोही चांगल्या हेतूनेच, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. आज देशभरातल्या तळ्यांत आणि धरणांत तो आहे आणि स्थानिक माशांची जागा खातो आहे. मी एवढं सांगितल्यावर बाबांनी धरणाचं नाव परत काढलं नाही. दहा दिवसांनी त्यांनी चार नंबरला टाकीत परत सोडलं. आणि त्याला एक नंबरने मारलं. दहा दिवसांपूर्वीचा राजा फिल्टरच्या मागे, दोन नंबरच्या जुन्या जागेवर, रंग उडून करडा होऊन बसला. बाबांनी त्या दिवशी वहीत फक्त तारीख लिहिलीय.

एव्हाना मला कळून चुकलं होतं की मी चुकीच्या जागी बग शोधतोय. कोनराड लोरेन्झ ह्यांनी १९६३ साली आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं (पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं), त्यात प्रवाळातल्या माशांबद्दल एक निरीक्षण आहे, की मासा सगळ्यात जोराने तुटून पडतो तो स्वतःच्याच जातीच्या माशावर, कारण खाणं, जागा आणि मादी ह्या तिन्हींसाठी खरा वाटेकरी तोच. आमच्या टाकीत सगळेच एका जातीचे, एकाच रंगाचे. सरोवरात नर आपल्या खडकाभोवतीचा तुकडा राखतो, हरलेला पळतो, हद्द ओलांडली की विषय संपला. पळून जाणं हा त्या भांडणाचाच शेवटचा भाग असतो. टाकीत पळणारा पंधरा इंचांवर काचेला आपटतो आणि मारणाऱ्याच्या दृष्टीने तो अजून हद्दीतच असतो. पाच नंबरने रंग विटवून, पर मिटून शरणागती दिली होती की. फक्त ती पुरी करायला बाहेर जाण्याची वाट हवी होती, ती मी तीन फुटांवर बंद केली होती.

मोठी टाकी घेऊन भागतं का? रोनाल्ड ओल्डफील्ड ह्यांनी २०११ साली मायडास सिक्लिडवर केलेला अभ्यास आहे. टाकी थोडीफार मोठी केली तर काही फरक पडला नाही. बरीच मोठी आणि लपायच्या जागांनी भरलेली केली तेव्हा कुठे मारामारी कमी झाली. आमच्या हॉलमध्ये बरीच मोठी टाकी ठेवायची तर दिवाण बाहेर काढावा लागला असता, आणि दिवाणावर आजी झोपते.

मग उरला म्बुना पाळणाऱ्यांचा जुना आणि विचित्र तोडगा. मासे वाढवायचे. ऐकायला उफराटं वाटतं, पण सहा असले की एकाला धरून मारता येतं. बारा-चौदा असले की मारणाऱ्याचा नेम ठरत नाही, मार वाटला जातो. मात्र गर्दी म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे आठवड्यातून दोनदा पाणी बदलणं, प्रत्येक वेळी तीन बादल्या. इथे मी अडकलो. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो आणि उन्हाळ्यात बोअर आटतं. ज्या गावात लोक ड्रम भरून ठेवतात तिथे माशांसाठी सहा बादल्या? मी हे बाबांना घाबरतच सांगितलं.

ते म्हणाले, "कुंड्यांना रोज किती घालतो? दोन बादल्या. ते आधी टाकीत टाकू, टाकीतलं कुंड्यांना." झालं. एवढंच. माशांचं जुनं पाणी झाडांना खत म्हणून चांगलंच, आणि ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवलेल्या नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडूनही जातो. पंधरा वर्षं कोड लिहून मला हे सुचलं नव्हतं, मी पुण्यात बसून पाणी बदलायच्या ॲटोमॅटिक पंपाच्या किमती बघत होतो.

पाऊस पडून हवा गार झाल्यावर जुलैत आठ नवे मासे आणले. म्बुनाच, पण मवाळ जातीचे आणि पट्टे नसलेले, म्हणजे जुन्यांना ते आपले भाऊबंद वाटू नयेत. बाबांनी तोवर गावातल्या कुंभाराकडून फुटक्या मटक्यांची रास आणून ठेवली होती. जुने मासे बादल्यांत काढले, टाकी रिकामी केली, खापरं आणि विटा तळापासून पाण्याच्या वरच्या पातळीपर्यंत रचल्या. माशांपेक्षा भोकं जास्त हवीत आणि एका टोकाकडून दुसरं टोक दिसता कामा नये, एवढे दोनच नियम. मग दिवे बंद करून सगळे एकदम सोडले, नवे आधी आणि एक नंबर सगळ्यात शेवटी. त्या रात्री कोणी टीव्ही लावला नाही.

भांडणं थांबली का? नाही. एक नंबर अजून काळा आहे आणि मधल्या मटक्याचा मालक आहे. पण तो एकाच्या मागे निघतो, वाटेत तीन वेगळे आडवे येतात, चौथा खापराआड जातो, आणि मग तो आपण कशासाठी निघालो होतो हे विसरल्यासारखा परत येतो. चार नंबरचा एक डोळा गेलाय, पण तो फिल्टरमागून बाहेर आलाय आणि खायला वर येतो. वहीत जुलैनंतर 'वारला' हा शब्द एकदाच आहे, आणि तो नवा मासा आला तेव्हापासूनच मलूल होता. आईला मात्र खापरं आवडलेली नाहीत. मगरमच्छ बरा होता म्हणते.

परवा शनिवारी पुन्हा साडेसहाला फोन. "सहा नंबर काही खात नाई. जबडा सुजल्यासारखा दिसते. औषध टाकू का?"

मी ताडकन उठून बसलो. "बाबा, काही टाकू नका! तिच्या तोंडात अंडी आहेत. ती मादी आहे. तीनेक आठवडे तोंडातच उबवते, तोवर खाणार नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग पान उलटल्याचा आवाज.

"किती पिल्लं होतात?"

"वीस, पंचवीस. जास्तही."

"हं," बाबा म्हणाले. "अन् आजीचा दिवाण आतल्या खोलीत गेला तर चार फुटी बसंल का रे तिथं?"